बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी मीटर लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोलची छोटी गाडी, सात वर्षं जुनी. आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, रविवारी बाजारापुरती बाहेर निघते. गेल्या दिवाळीत टचस्क्रीनचा म्युझिक सिस्टिम आणि डॅशकॅम बसवला. त्यानंतर रविवारी चालवून ठेवलेली गाडी गुरुवारी सेल्फ घेत नाही, नुसतं टकटक वाजतं. गॅरेजमध्ये बॅटरी गेली म्हणून सांगितलं, नवी ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे एक अँपिअर करंट ३५ तास पुरेल एवढ्या क्षमतेची) टाकली. चार महिन्यांत तीही तशीच वागायला लागली. मग डायनॅमो (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) उतरवून त्याचा कार्बन आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बदलला. इंजिन चालू असताना मीटरवर १४.२ व्होल्ट दाखवले, म्हणजे चार्जिंग ठीक आहे असं सांगितलं. तरी गुरुवारी गाडी पुन्हा धक्क्यावर. आता तिसरी बॅटरी घ्यायची का?

नका घेऊ. त्याऐवजी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, ज्याला १० अँपिअरपर्यंत डीसी करंट मोजायची सोय आहे असा. बॅटरीच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही, आणि तुमच्या गाडीचं दुखणं त्याच्याशिवाय सापडणार नाही.

कराडला हायवेलगत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात गिऱ्हाईक ‘बॅटरी बघा’ म्हणालं की मीही बॅटरी बदलून मोकळा व्हायचो. एका निवृत्त गृहस्थांना अशीच एक विकली. पाच महिन्यांनी ते परत आले. आवाज चढवला नाही, फक्त माझंच बिल काउंटरवर ठेवलं. त्यांच्या गाडीत अँप्लिफायरची एक वायर चुकीच्या जागी जोडलेली होती आणि ती दोन्ही बॅटऱ्या रोज रात्री पीत होती. पेन्शनीतून गेलेले त्यांचे पैसे माझ्या आळसामुळे गेले होते. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी कोणालाही बॅटरी विकत नाही.

बॅटरी उतरण्याची कारणं तीनच घरांत बसतात: बॅटरी भरलेलं धरून ठेवत नाही, तिच्यात पुरेसं भरलंच जात नाही, किंवा गाडी बंद असताना कोणीतरी ओढतंय. तुमच्या गॅरेजने पहिली दोन घरं तपासली, तीही अर्धवट. तिसऱ्या घराचं दारसुद्धा वाजवलं नाही. क्रमाने जाऊ.

आधी बॅटरीचं स्थिर व्होल्टेज. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी दार न उघडता फक्त बोनेट उघडता येईल अशी तयारी आदल्या रात्रीच करा, आणि मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल वायर प्लसला, काळी मायनसला लावा. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक २.१ व्होल्टचा, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. लोकांना वाटतं बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते म्हणजे छान आहे. बारा दाखवणारी बॅटरी जवळजवळ रिकामी असते. गाडी नुकतीच चालवून मोजलंत तर आकडा खोटा फुगलेला येतो, तेव्हा रात्रभर थांबणं जमत नसेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

मग मीटर तसाच लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर डोळा ठेवा. चांगली भरलेली बॅटरी छोट्या पेट्रोल इंजिनला दहाच्या खाली सहसा जात नाही. ९.६ च्या खाली कोसळली तर बॅटरी रिकामी किंवा कमकुवत आहे, क्वचित सेल्फची मोटर अडकून जास्त ओढतेय. पण आकडा बाराच्या आसपासच राहिला आणि तरी नुसतं टक वाजलं, तर बॅटरीला हात लावू नका. करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. टर्मिनल ढिलं आहे, इंजिनची अर्थ वायर गंजलीय किंवा सेल्फचा सोलेनॉइड (त्याला करंट जोडून देणारा स्विच) गेलाय. टर्मिनल हाताने पिळून बघा, तसूभरही हललं नाही पाहिजे. पांढरी-हिरवट बुरशी असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, पुसून कोरडं करा, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. सोडताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस, हा क्रम कधी मोडू नका. आधी प्लस सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर जी ठिणगी उडते ती एकदा पाहिली की विसरत नाही, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

चार्जिंगबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमचा १४.२ हा आकडा चांगला आहे. फक्त तो गाडीत बाकी काही चालू नसताना मोजलेला असणार. एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं चालू करून, थोडी रेस देऊन पुन्हा बघा. १३.५ च्या वर टिकला तर डायनॅमो काम करतोय. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बॅटरी उकळवतोय, पाणी आटतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पावसात सुरुवातीला किंचाळणारा डायनॅमोचा पट्टा ढिला असतो, त्यानेही बॅटरी कमी भरते. नव्या धाटणीच्या काही गाड्यांत मायनस टर्मिनलवर सेन्सर असतो आणि कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावरून निकाल देता येत नाही. तुमची गाडी त्यातली नसावी.

आता तिसरं घर. आम्ही वायरमन लोक याला सरळ ‘लीकेज’ म्हणतो. किल्ली काढल्यावरही घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनच्या कॉम्प्युटरची आठवण यांना थोडा करंट लागतोच. २० ते ५० मिलिअँपिअरपर्यंत (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) चालतं. त्याच्या वर गेलं की हिशेब बिघडतो.

तो हिशेब तुमच्याच माहितीवरून मांडून बघू. ३५ एएचची बॅटरी रविवारी संध्याकाळी भरलेली आहे असं धरलं आणि गुरुवारी ती सेल्फ घेत नाही, तर चार दिवसांत वीस-बावीस एएच गेले. चार दिवसांचे तास ९६. भागाकार केला तर साधारण २०० ते २३० मिलिअँपिअर. रविवारच्या छोट्या फेरीत ती पूर्ण भरत नसणारच, म्हणून खरा आकडा थोडा कमी, दीडशेच्या पुढे कुठेतरी असेल. मीटर लावण्याआधीच एवढं कळतं, आणि हा आकडा कुठल्या वस्तूचा असू शकतो हेही कळतं. बल्ब राहिला असता तर गाडी मंगळवारीच बसली असती. नुसतं घड्याळ आणि लॉक असतं तर दोन-तीन आठवडे निघाले असते. दीडशे-दोनशे मिलिअँपिअर हा जागा राहिलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूचा आकडा आहे, आणि तुमचं दुखणं दिवाळीच्या खरेदीनंतर सुरू झालंय.

तरी अंदाजावर फ्यूज उपटत बसू नका, मोजा. गाडी बंद, सगळे दिवे बंद, किल्ली काढलेली. रिमोट किंवा बटण स्टार्टवाली किल्ली असेल तर ती घरात ठेवून या, खिशात असली तर गाडी जागी राहू शकते. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवा आणि दाराच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला वाटेल दार लागलंय आणि तुम्हाला फ्यूजबॉक्सला हात घालता येईल. काही गाड्यांत बोनेटलाही स्विच असतो, त्याचंही तसंच करा.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, चकती १० अँपिअर डीसीवर. मायनस टर्मिनलचा नट ढिला करा, पण लगेच उचलू नका. मीटरची एक क्लिप बॅटरीच्या खुंटीला आणि दुसरी काढायच्या क्लॅम्पला लावा, आणि मग क्लॅम्प हळूच वर सरकवा. असं केलं की करंट क्षणभरही तुटत नाही, गाडीची यंत्रं पुन्हा जागी होत नाहीत आणि घड्याळ-रेडिओची आठवणही जात नाही. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, इग्निशनही लावायचं नाही. सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तत्काळ उडेल. आणि काम संपल्यावर लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घालायला विसरू नका. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि दुसऱ्या दिवशी कोणी बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलं, तर तो सरळ शॉर्ट असतो. माझ्याकडच्या शिकाऊ पोरांना मी ही एक गोष्ट रोज सांगतो.

आता थांबा. इथेच बहुतेकजण चुकतात. सुरुवातीला मीटर एक-दोन अँपिअरसुद्धा दाखवेल. घाबरू नका, गाडी अजून झोपलेली नाही. चहा घेऊन या. वीस मिनिटं, काही गाड्यांना चाळीस मिनिटं लागतात, मग आकडा पायऱ्या-पायऱ्यांनी खाली येतो आणि एका जागी बसतो. बसलेला आकडा तुमचा खरा आकडा. तो ५० च्या आत असेल तर लीकेज नाही. १५०, २०० वर अडकला असेल तर एकेक फ्यूज काढत जा आणि मीटरकडे बघा. ज्या फ्यूजने आकडा धाडकन खाली येईल ती लाइन धरा. काढलेला फ्यूज परत घालताना काही गाड्या पुन्हा जाग्या होतात, म्हणून तपासणी संपेपर्यंत काढलेले फ्यूज बाहेरच राहू द्या, फक्त कुठला कुठून काढला याचा मोबाइलवर आधी फोटो घ्या.

फ्यूज न काढताही बघता येतं. फ्यूजच्या डोक्यावर दोन धातूचे ठिपके उघडे असतात. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांना टोकं लावा. शून्य आलं तर त्या लाइनीतून काही जात नाही. १० अँपिअरच्या फ्यूजवर पाऊण मिलिव्होल्टच्या आसपास आलं, तर साधारण शंभर मिलिअँपिअर चाललेत असं समजा. झोपलेली गाडी न उठवता चोर पकडायची ही रीत मला सगळ्यात जास्त आवडते.

एक उदाहरण सांगतो, म्हणजे यात डोळे कसे वापरायचे ते कळेल. एका शिक्षिकेची बारा-तेरा वर्षांची हॅचबॅक आली होती. बॅटरी सहा महिन्यांची, दोन रात्रींत बसायची. मीटरवर ४३० मिलिअँपिअर, अर्धा तास झाला तरी हलेना. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि आकडा २२ वर आला. म्हणजे ४०० च्या थोडा वर त्या एका लाइनीवर. पाच वॅटचा बल्ब बारा-साडेबारा व्होल्टवर बरोबर एवढंच ओढतो. छतावरचा दिवा बंद होता, दाराचे दिवे बंद होते. डिकी उघडली तर तिथला दिवा अर्थातच लागला, आणि बाईंनी तो रोज तसाच लागलेला पाहिला होता. मी मोबाइल व्हिडिओवर लावून डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. दोन मिनिटांनी व्हिडिओ पाहिला. झाकण बंद झाल्यावरही दिवा जळतच होता, पिशव्या आणि स्टेपनीचं कव्हर स्वच्छ दिसत होतं. झाकणाच्या कडेचा एक रबरी ठोकळा झिजून गळून पडला होता, त्यामुळे झाकण नीट बसत नव्हतं आणि कुलपातला स्विच पूर्ण दाबला जात नव्हता. नवा ठोकळा बसवला, दिवा विझला. बॅटरी तीच राहिली. हल्लीच्या काही गाड्या आतले दिवे ठरावीक वेळाने आपोआप बंद करतात, जुन्या गाड्यांत ती सोय नाही. डिकी, ग्लोव्हबॉक्स, सन व्हायझरचा आरसा, या तिन्ही जागा झाकण बंद झाल्यावर दिसत नाहीत, म्हणून त्या आधी तपासायच्या.

तुमच्या गाडीत मी सुरुवात म्युझिक सिस्टिमपासून करेन. त्याच्या मागे पिवळी वायर कायम करंटची असते, स्टेशन आणि सेटिंग लक्षात ठेवायला. लाल वायर किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या करंटची. काळी अर्थ. बसवणाऱ्याला डॅशबोर्डमागे किल्लीचा करंट पटकन सापडला नाही की तो लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या करंटवर टाकतो. स्क्रीन बटणाने बंद होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण आतलं यंत्र झोपत नाही. लाल वायर सोडवून किल्लीच्या करंटवर नेली की झालं, पंधरा मिनिटांचं काम आहे. तपासायची सोपी खूण सांगतो: किल्ली काढून दार उघडून बंद केल्यावरही स्क्रीन बटणाने चालू होत असेल, तर संशय पक्का धरा.

डॅशकॅम पार्किंगमध्ये रेकॉर्डिंग करणारा असेल तर तो दोनशे-तीनशे मिलिअँपिअर सहज ओढतो. तो बिघाड नाही, ते त्याचं काम आहे. पण रविवारीच चालणाऱ्या गाडीला ते झेपणारं नाही. एकतर पार्किंग मोड बंद करा, नाहीतर वायरिंग किटमधला कट-ऑफ (ज्या व्होल्टेजला कॅमेरा आपोआप बंद होतो तो आकडा) १२.२ किंवा १२.४ व्होल्टवर ठेवा. बरेच किट ११.८ वर लावलेले असतात, तिथपर्यंत बॅटरी रिकामी झालेली असते. कॅमेरा सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये असेल तर किल्ली काढल्यावर सॉकेटमध्ये करंट राहतो का ते बघा, काही गाड्यांत राहतो. ओबीडीच्या (गाडीचे दोष वाचायच्या) पोर्टमध्ये लावून ठेवलेला ब्लूटूथचा डोंगलही काढा. फास्टॅगला मात्र दोष देऊ नका, काचेवरच्या त्या स्टिकरला गाडीचा करंट लागतच नाही.

सगळे फ्यूज काढले तरी आकडा खाली येत नसेल, तर डायनॅमोचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बघायचा. डायनॅमोची जाड वायर बॅटरीशी जवळजवळ सरळ जोडलेली असते, केबिनमधल्या फ्यूजांतून जात नाही. डायोड गळका झाला तर रात्रभर उलटा करंट वाहतो, आणि गंमत म्हणजे दिवसा तोच डायनॅमो १४ व्होल्ट दाखवत राहतो. जुन्या उस्तादांनी शिकवलेली खूण अशी की पहाटे, गाडी चालू करण्याआधी, डायनॅमोच्या अंगाला हात लावायचा. बाकीचं इंजिन गार आणि तो कोमट लागला तर डायोड गेलाय. मीटरने पक्कं करायचं असेल तर इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर घेऊन बॅटरीला लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोडवर संशय घ्या. तुमचा डायनॅमो नुकताच उघडलाय, म्हणून ही तपासणी मी टाळणार नाही. कार्बन आणि रेग्युलेटर बदलताना डायोड तपासलेच असतील असं नाही.

लीकेज सापडून दुरुस्त झालं तरी तुमच्या वापराबद्दल एक बोलायला हवं. ३५ मिलिअँपिअर धरले तरी आठवड्याला सहा एएच जातात, म्हणजे बॅटरीचा सहावा हिस्सा. सेल्फ मारायला लागणारी वीज त्यामानाने किरकोळ आहे: दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे एक एएचचा जेमतेम बारावा भाग. खड्डा पडतो तो सहा दिवस उभं राहण्यानेच. आणि तो वीस मिनिटांच्या बाजाराने भरत नाही, कारण बॅटरी जशी भरत येते तसा ती करंट कमी-कमी घेते, शेवटचा पाव भाग भरायला तास लागतात. पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं मला पसंत नाही. आयडलवर डायनॅमो कमी देतो, त्यातला बराचसा एसी आणि पंखा खातो, आणि पेट्रोल फुकट जळतं. रविवारी पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा. गावी तीन-चार आठवडे जाणार असाल तर मायनस सोडून जा.

राहिली आत्ताची बॅटरी. ती किती वेळा पूर्ण बसली आणि तशीच किती दिवस राहिली यावर तिचं पुढचं आयुष्य आहे. रिकाम्या बॅटरीत प्लेटींवर सल्फेटचे खडे धरतात आणि जितके दिवस जातील तितके ते घट्ट होतात. ती काढून बॅटरीवाल्याकडे साडेतीन अँपिअरवर दहा-बारा तास चार्जिंगला लावा. दहा मिनिटांच्या झटपट चार्जिंगला नाही म्हणा. झाकणं उघडणारी असेल तर आधी पाण्याची पातळी बघा, कमी असेल तिथे प्लेटी बुडेपर्यंत डिस्टिल वॉटर घाला, पूर्ण पातळी चार्जिंगनंतर करा. नळाचं पाणी किंवा अॅसिड नको. भरल्यावर हायड्रोमीटरने (अॅसिडची घनता मोजायच्या नळीने) सहाही सेल मोजून घ्या. पाच सेल १.२५० च्या आसपास आणि एकच १.१८० वर असेल तर तो सेल मेला, ती बॅटरी वाचत नाही. सहाही एकसारखे असतील, एक रात्र ठेवून १२.५ च्या वर राहिली आणि सेल्फला ९.६ च्या खाली गेली नाही, तर ती परत बसवा.

आणि सेल मेलेला निघाला, तर वॉरंटीत बदलून मागण्याआधी लीकेजचं काम पूर्ण करा. नाहीतर नव्या बॅटरीलाही चारच महिने मिळतील, आणि दुकानदार या वेळी वापरातला दोष म्हणून हात वर करेल. दुरुस्तीनंतरचा, गाडी झोपल्यावरचा मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढून बिलासोबत ठेवा. माझ्याकडे असा फोटो घेऊन कोणी आलं की अर्धी तपासणी तिथेच संपते.